दोनचं बटण

॥ श्री ॥

डहाणू,
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

चि. वासुदेव यास ताईचे अ. उ. आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. पोस्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर मी तिकिटाला गोंद लावला नव्हता. काल गेले तर खिडकीवरची मुलगी हसायलाच लागली, की मॅडम, फोन बंद पडला का म्हणून. मी म्हटलं, बंद नाही, चालू आहे, म्हणूनच पत्र टाकतेय. तिला काही कळलं नाही. बरंच झालं.

मंगळवारचं तुला ठाऊकच आहे. स्फोट झाला तो बाजार दर्शनच्या ऑफिसपासून दोन चौकांवर. दुपारी चार ते सात माझ्या मुलाचा फोन लागत नव्हता. हे टीव्हीसमोर पुतळ्यासारखे बसून होते, आणि मी देवापुढे बसू की गॅलरीत उभी राहू ते मला समजत नव्हतं. सातला त्याचा फोन आला, की रस्ते बंद होते, चालत खोलीवर पोचलो. तेव्हा कुठे मी घोटभर पाणी प्यायले.

तेव्हापासून माझा कशावर विश्वास उरलेला नाही. परवा यांना एवढंच म्हटलं की कुकरची शिट्टी बिघडलीय, तर तासाभरात माझ्या फोनवर कुकरच कुकर! म्हणजे कोणीतरी ऐकतंय. ऐकेना का, माझ्या कुकरचं ऐकून कोणाचं काय भलं होणार. पण आता जे विचारणार आहे ते त्या डबड्यासमोर विचारायचं नाही.

आईचा फोन कुठे आहे? तो मोठ्या आकड्यांचा, बटणांचा. आणि त्यातलं सीम? तेराव्याला आपलं ठरलं होतं की नंबर बंद करायचा, आणि तुझं सेवा केंद्रच असल्यामुळे ते काम तू अंगावर घेतलं होतंस. चार वर्षं झाली त्याला. काय झालं ते खरं लिही. का विचारते ते विचारू नकोस. फोनवर उत्तर देऊ नकोस, आणि घरच्या ग्रुपवर तर अजिबात नको, तिथे तुझ्या बायकोच्या, सुषमाच्या माहेरचीही माणसं आहेत.

चिकू उतरले की एसटीने पाठवीन. माया आहे तिथेच आहे, उत्तर तेवढं लगेच हवं.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

तलासरी,
१३ जानेवारी २०२६

ती. ताईस वासुदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी घाबरलो आणि मग हसलो. एकतीस वर्षं लोकांची कार्डं वाचून वाचून तुझा स्वभाव असा झालाय. नाही म्हणू नकोस! अर्ध्या डहाणूत कोणाच्या सुनेला दिवस गेलेत ते तिच्या सासूच्या आधी तुला कळायचं. दर्शन सुखरूप आहे हे वाचून मात्र जीव भांड्यात पडला. त्याला म्हणावं, मामाकडे चार दिवस ये.

इथेही वारं बदललंय. अच्छाडला गुजरातच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर ट्रक अन् ट्रक उघडतायत, महामार्गावर चारोटीपर्यंत रांग लागते म्हणतात. शनिवारी माझ्या केंद्रात साध्या कपड्यांतले दोघे आले. सहा महिन्यांत माझ्याकडे कोणी सीम घेतलं, कोणी वायफाय वापरलं, कॅमेऱ्यात कोण कोण आलं, सगळं हवं म्हणाले. मी चहा सांगितला आणि म्हटलं, साहेब, लेखी आणा, त्याच मिनिटाला देतो. त्यांना ते रुचलं नाही. जाताना एकाने माझ्या दाराच्या पाटीचा फोटो काढला. समोरच्या दुकानातल्या नितीनने म्हणे पेनड्राइव्ह भरून आधीच देऊन टाकला, वर आणखी काही लागलं तर सांगा म्हणाला. तो माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही.

तुला वाटेल मी शिष्टपणा केला. पण पाड्यांवरची माणसं माझ्या यंत्रावर अंगठा ठेवतात ना, तेव्हा कागदावर काय लिहिलंय ते विचारतसुद्धा नाहीत. मी दाखवीन तिथे ठेवतात. त्यांची यादी मी चहाच्या कपाबरोबर हातात ठेवू? तुझ्याच पोस्टात एकदा एक साहेब कुणाची तरी पत्रं बघायला आला होता आणि पोस्टमास्तरांनी लेखी हुकूम मागितला होता. ही गोष्ट तूच मला दहा वेळा छाती फुगवून सांगितली आहेस.

आईचा फोन माझ्या कपाटात आहे, तिच्या शालीत गुंडाळलेला. सीम केव्हाच बंद केलं. तुझ्या डोक्यात हे मध्येच कुठून आलं?

उद्या संक्रांत. पाकिटात तिळगूळ घालणार होतो, पण सध्या पांढरे दाणे दिसले तरी संशय घेतात, पाठवायची सोय नाही. तेव्हा मनानेच घे आणि निदान माझ्याशी तरी गोड बोल. तुझ्या ‘यांना’, म्हणजे भाऊजींना, नमस्कार.

तुझा,
वासुदेव

॥ श्री ॥

डहाणू,
१७ जानेवारी २०२६

चि. वासुदेवास अ. आ.

गोड बोलायची इच्छा होती. पण तू मला खोटं लिहिलंस.

काल घरच्या जुन्या लँडलाइनवरून मी आईचा नंबर फिरवला. बंद केलेला नंबर असता तर अस्तित्वात नाही म्हणून सांगितलं असतं. इथे एक बाई गुजरातीतून सांगत होती, की ज्यांना फोन केलाय ते कव्हरेजच्या बहार छे. मी तीनदा लावला, तिन्ही वेळा तीच बाई. आपली आई जन्मात अच्छाडचा नाका ओलांडून गेली नाही आणि तिचा फोन तुझ्या कपाटात शाल पांघरून गुजरातेत फिरतोय काय? दुसऱ्यांना येडं बनव, मला नको.

आणि तुझं पाकीट. त्याच्या पाठीवर गोंदाच्या दोन रेघा होत्या. पाकीट एकदा चिकटवलेलं आहे की उघडून पुन्हा चिकटवलेलं, हे मला अंधारात बोट फिरवून कळतं. कोणी उघडलं ते? तलासरीला उघडलं की इथे? का तूच?

यादीबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून माझं डोकं फिरलं. कर नाही त्याला डर कशाला? तुझ्याकडे लपवायचं काही नसेल तर द्यावी यादी, संपला विषय. पोस्टमास्तरांची गोष्ट मी सांगितली होती, खरं आहे. पण तेव्हा माझा मुलगा तीन तास बेपत्ता नव्हता. ज्या आईने ते तीन तास काढलेत ना, तिला विचार कोणाचे फोन ऐकावेत आणि कोणाचे नाही. ती म्हणेल सगळ्यांचे ऐका. माझाही ऐका, कुकरसकट.

वासुदेव, तू लहानपणी चिंचा चोरल्यास की आधी हसायचास आणि मग दुसऱ्याचं नाव घ्यायचास. या पत्रातही तू तसाच हसलायस. ते सीम कोणाच्या हातात आहे? मला झोप नाही. यांना मी काही सांगितलेलं नाही.

लोभाचं नंतर बघू. आधी खरं लिही.

ताई

॥ श्री ॥

तलासरी,
२२ जानेवारी २०२६

ती. ताईस शि. सा. न.

पाकीट कोणी उघडलं नाही. मीच दोनदा चिकटवलं. आधी खरं लिहिलेलं पान आत घातलं होतं, मग काढून घेतलं. आता ते लिहितो, पण ते लिहायला फार उशीर झालाय.

सीम बंद केलं नाही मी. रोज लोकांच्या मृत्यूचे दाखले काढून देतो, रेशनकार्डावरची नावं कमी करून देतो, माझा हात कुठे अडत नाही. आईच्या नंबरचा फॉर्म भरला आणि सहीपाशी येऊन फाडला. नंबर बंद केला की ती दुसऱ्यांदा जाईल असं वाटलं. शेवटची दोन वर्षं आईचं सगळं सोमीने केलं, हे तुला सांगायला नको. माझ्या बायकोने केलं नाही, तू केलं नाहीस, मी केलं नाही, पाड्यावरून रोज चालत येणाऱ्या सोमीने केलं. तिच्याकडे फोन नव्हता. मी आईचा फोन तिच्या हातात ठेवला, सीमसकट. दर महिन्याला रिचार्जही मीच मारतो.

तिचा नवरा भिका गुजरातच्या बोटीवर खलाशी आहे. पावसाळा सोडला तर दर्यावरच. फोन तो बरोबर नेतो, आणि बोट बंदराजवळ आली, रेंज मिळाली, की माझ्या केंद्रात फोन करून बरा आहे म्हणून सांगतो. मी तो निरोप सोमीला देतो. एवढंच काय ते आईच्या फोनचं काम.

सोमवारी बोट लागली आणि भिकाला धक्क्यावरूनच चौकशीला नेलं. अजून सोडलेलं नाही. मेलेल्या बाईच्या नावाचं सीम, समुद्रात हद्दीच्या बाजूला फिरणारा फोन, आणि स्फोट झाला त्याच संध्याकाळी त्यावरून कुणाला तरी केलेला कॉल. कुणाला ते सांगत नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नेलं असतं. मंगळवारी पाड्यावर गाडी आली आणि सोमीला ठाण्यात आणलं, दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं. एकच प्रश्न, की हा फोन कोणी दिला. ती म्हणाली, आजीचा हाय, आजीनं दिला. ताई, तिने माझं नाव घेतलं नाही.

आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही. लाज वाटते लिहायला. दिलं म्हणून कबूल केलं तर केंद्राचा परवाना जाईल, कदाचित त्याहून जास्त. सुषमा म्हणते गप्प राहा, सुक्याबरोबर ओलंही जळेल. सोमी रोज सकाळी येऊन माझ्या केंद्राच्या पायरीवर बसते. काही मागत नाही. मी आतून कॅमेऱ्यात तिची पाठ बघतो.

कोणीतरी नेमका हाच नंबर कळवलाय, एवढं ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराकडून कळलं. लाखो नंबरांतून हाच. हे नितीनचंच काम. सोमीच्या हातात तो फोन त्याने पाहिलाय, माझं गिऱ्हाईक त्याला खुपतंय. त्याला मी सोडणार नाही. एका गरीब माणसाला खड्ड्यात घालून हा समोर उदबत्ती लावून बसलाय! दर्शनच्या ओळखीत पोलिसांतलं कोणी असेल तर तक्रार कोणी केली तेवढं काढायला सांग. नाव हातात आलं की पुढचं मी बघतो.

रागावली असशील. रागाव, पण दूर लोटू नकोस.

तुझा,
वासुदेव

॥ श्री ॥

डहाणू,
रविवार, २५ जानेवारी २०२६

चि. वासुदेवास ताईचे आशीर्वाद.

नितीनच्या दुकानापुढून जाताना तू थुंकतोस असं सुषमाने फोनवर सांगितलं. थुंकू नकोस. तक्रार त्याने केलेली नाही. मी केली.

सांगते, सगळं सांगते. त्या मंगळवारी पावणेसहाला, दर्शनचा पत्ता नव्हता तेव्हा, माझा फोन वाजला. दर्शनच असेल म्हणून झडप घातली, तर पडद्यावर आईचा फोटो आणि खाली नाव, आई. मी तो नंबर कधी पुसलाच नव्हता. तू फॉर्म फाडलास, मी नाव ठेवलं. आपण दोघं एकाच आईची. फोन वाजतच होता. उचलला तर पलीकडे पुरुषाचा आवाज, भयंकर वारा, कसलंतरी इंजीन. मी विचारलं, कोण. त्याला ऐकू गेलं नसावं. तो ओरडून विचारत होता, दर्शन कुठे हाय, दर्शन घरी आला का.

मेलेल्या आईच्या नंबरवरून एक परका पुरुष, माझ्या मुलाचं नाव घेऊन, तो कुठे आहे विचारतोय. त्या संध्याकाळी! तूच सांग, मी काय समजायचं? मी फोन कापला. त्याच्या खालीच पोलिसांचा मेसेज आलेला होता, नंबरासकट, संशयास्पद काही आढळल्यास कळवा. मी कळवलं. त्या नंबरवरच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, तो काय बोलला तेही, आणि याबद्दल कोणाशी बोलू नका म्हणाल्या. सातला दर्शन सापडला, पण तोवर मी कळवून मोकळी झाले होते. परत घ्यावं असं मनातही आलं नाही.

आणि आता खरं ऐक. मी तुझ्यावरही संशय घेतला. सीम तुझ्या ताब्यात होतं, तुझ्याकडे नाक्यावरची हजार माणसं येतात. म्हणून फोनवर न विचारता पत्र लिहिलं. कोणी ऐकेल म्हणून नव्हे रे, तू फोनवर खोटं बोललास तर मला ते कळणार नाही, आणि कागदावर कळतं, म्हणून. सख्ख्या भावाला जाळ्यात धरायला बसले होते मी. पोस्टात आम्ही लेखी हुकूम मागायचो. इथे माझ्याकडे कोणी काही मागितलंसुद्धा नव्हतं, मीच आपण होऊन एका माणसाला उचलून दिलं.

तुझं पत्र वाचल्यावर पदर खोचला आणि इथल्या ठाण्यात गेले. यांनाही नेलं. लिहून दिलं की तो फोन आमच्याच घरातला, आईची सेवा करणाऱ्या बाईकडचा, आणि तक्रार माझ्या घाबरण्यातून झाली. तिथले साहेब सज्जन होते. म्हणाले, बाई, तुम्ही कळवलंत त्यात चूक नाही, पण सीम कोणी दिलं ते ज्याने दिलं त्याने येऊन सांगायला हवं, त्याशिवाय तिकडे कोणी त्याला सोडणार नाही. उद्या सव्वीस जानेवारी, सगळे बंदोबस्तात. मंगळवारी पहिल्या एसटीने मी तलासरीला येते. आईचा मृत्यूचा दाखला, तुझं ओळखपत्र आणि तो परवाना घेऊन स्टँडवर उभा राहा. परवाना गेला तर जाऊ दे, आपण चिकू विकू. पण मी आल्यावर तू घरात बसून राहिलास तर मला बहीण म्हणू नकोस.

एक मात्र अजून उलगडत नाही. पापाची भीती बाजूला ठेवून विचारते. त्या भिकाने मला उभ्या जन्मात दोनदा पाहिलंय. माझा नंबर त्याला कसा ठाऊक, आणि माझ्या दर्शनचं त्याला काय पडलं होतं?

तुझी,
ताई

॥ श्री ॥

तलासरी,
५ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस वासुदेवचा साष्टांग नमस्कार.

भिका आला. परवा दुपारी.

तू परत गेल्यावर मला आणखी दोनदा बोलावलं. जे तुझ्यासमोर सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, लिहून दिलं, अंगठाही दिला. इतकी वर्षं लोकांचे घेत होतो, आता माझा घेतला. केंद्राला सध्या कुलूप आहे, चौकशी पुरी होईपर्यंत. नितीनच्या दुकानात जाऊन माफी मागितली. त्याला कशाची माफी ते कळलं नाही, पण त्याने चहा पाजला. आणि लेखी हुकूम घेऊन ते दोघेही आले होते, मागितलेल्या दोन दिवसांची यादी मी दिली. सहा महिन्यांची या वेळी त्यांनीही मागितली नाही.

भिका वाळलाय. मारलं नाही म्हणतो, जेवायलाही दिलं, फक्त विचारत राहिले. माणसं बदलून बदलून तेच तेच विचारायची, की दर्शन कोण, तो कुठे आहे हे तुला कशाला हवं होतं. तो खरं तेच सांगत होता आणि ते कोणालाच पटत नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे, ताई. नीट ऐक.

आठवतं, आईच्या फोनमध्ये मीच लावून दिलं होतं, एकचं बटण दाबून धरलं की मला लागायचा आणि दोनचं दाबलं की तुला. कुठे रेल्वे घसरली, कुठे पूर आला, कुठे काही फुटलं, की आई टीव्ही बघता बघता दोनचं बटण दाबायची आणि तू वैतागायचीस, की बाई, ते हजार मैल लांब झालंय. शेवटी तिच्या बोटांत जोर राहिला नाही तेव्हा ती सोमीला दाबायला लावायची. जायच्या आधी तिने सोमीला सांगून ठेवलं, की मी नसले तरी एवढं करायचं. टीव्हीवर वाईट काही आलं की दोन दाबायचं आणि ताईची पोरं बरी आहेत का विचारायचं, दर्शन लांब असतो. सोमीने ते भिकाला सांगून ठेवलं होतं, कारण फोन त्याच्याजवळ असतो. चार वर्षांत दर्शनच्या बाजूचं तसं काही त्यांच्या कानावर आलं नाही. त्या मंगळवारी बोट बंदराजवळ होती, तांडेलने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, मोबाइलवर बातमी लावली, दर्शनच्या शहराचं नाव आलं, आणि भिकाने दोनचं बटण दाबलं.

परवा तो बसमधून उतरला तो घरी गेला नाही, आधी माझ्याकडे आला. बंद केंद्राच्या पायरीवर सोमी बसलेली होती, तिच्याकडे बघून नुसतं हसला, आणि मला पहिला प्रश्न विचारला, की दर्शन घरी पोचला का. पंधरा दिवस तो पोरगा जिवंत आहे की नाही हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पोचला. त्याने देवाला हात जोडले. मग मला रडू आवरलं नाही, आवरायचाही प्रयत्न केला नाही.

आईचा नंबर बंद झाला. या वेळी फॉर्मवर मी सही केली. सोमीला म्हटलं, तुझ्या स्वतःच्या नावाने नवं सीम काढू, तुझे कागद मी करून देतो, दोनच्या बटणावर ताईचा नंबर घालून देतो. तिने मान हलवली. नको म्हणाली. कोणाची विचारपूस केली की गाडी येते, आपल्याला नको. मी खूप समजावलं. ती उठून गेली.

भिकाला अजून काही ठाऊक नाही. त्याची खात्री पटलीय की सरकार दर्यातलंसुद्धा सगळं ऐकतं, नाहीतर तो काय बोलला ते त्यांना शब्दन् शब्द कसं कळलं. ते सरकारने ऐकलं नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही. तो फोन मध्येच तुटला त्याबद्दलही त्याची काही तक्रार नाही. म्हणतो, दर्याचं काय, रेंज गेली असेल.

ते तू येऊन सांग. चिकू एसटीने पाठवू नकोस, घेऊनच ये, पाड्यावर दोघं जाऊ. माया होती तशीच आहे, फक्त आता समोरासमोर.

तुझा,
वासुदेव